या आठवड्याची थप्पी आणि मारव्याची शेवटची तीन मिनिटं

सोलापूरच्याच एका तरुण गिऱ्हाइकाने विचारलंय: "टर्नटेबल नवीन घेतलाय. महिन्याला तीनेक हजार रेकॉर्डवर घालायची तयारी आहे. दर आठवड्याला तुमच्याकडे जो माल नव्याने येतो, त्यातलं चांगलं कुठलं हे तुम्ही कसं ठरवता? या आठवड्यात काय आलं आणि तुमचं मत काय?" गल्ल्यावर बसून दोन वाक्यांत सांगायची ही गोष्ट नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या दुकानात वडिलांच्या काळी ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या होत्या. मग एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या मोठ्या रेकॉर्ड आल्या, मग कॅसेट, मग सीडी, आणि आता पुन्हा रेकॉर्ड. त्यामुळे 'नवा माल' म्हणजे आमच्याकडे दोन गोष्टी. कुणाच्या तरी घरातल्या माळ्यावरून, ट्रंकेतून निघालेल्या जुन्या रेकॉर्ड, आणि मुंबईहून पार्सलने येणाऱ्या कोऱ्या, नव्याने छापलेल्या. या आठवड्यात पूर्वभागातल्या एका पद्मशाली विणकराच्या घरातून खोकं आलं, लाऊडस्पीकरचा धंदा बंद केलेल्या एका घरातून पत्र्याची ट्रंक आली, एका निवृत्त शिक्षकांच्या घरातून हातात मावतील एवढ्या पंधराएक एलपी आल्या, आणि पार्सल आलं. सगळं मिळून दीडशेच्या आसपास. त्यातल्या अकरा मी दोन्ही बाजूंनी, मध्ये न उठता ऐकल्या. बाकीच्यांबद्दल मी आज काही बोलणार नाही, कारण अजून ऐकलेल्या नाहीत.

सुरुवात शिक्षकांच्या घरच्या एलपींपासून करतो, कारण आठवड्यातली सगळ्यात मोठी गोष्ट तिथेच निघाली. उस्ताद अमीर खाँसाहेबांची १९६० सालची एलपी, एका बाजूला मारवा राग आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. ही रेकॉर्ड दुर्मिळ नाही. पुन्हा पुन्हा छापली गेली आहे, वर्षातून एक-दोनदा तरी हाती येतेच. पण धड वाजणारी क्वचित येते. आणि ती धड वाजते की नाही हे कुठे कळतं, ते सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे.

एलपी फिरण्याचा वेग एकच असतो, मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेरे. पण बाहेरची फेरी मोठी आणि आतली लहान. बाजूच्या सुरुवातीला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर ग्रूव्ह, म्हणजे सुई चालते तो चर, सरकतो, लेबलजवळ पोचेपर्यंत तो २१ सेंटिमीटरच्या आसपास येतो. म्हणजे तोच एक सेकंदाचा आवाज निम्म्याहून कमी जागेत दाटून बसवलेला असतो. आता ख्यालाची मांडणी बघा. विलंबित म्हणजे संथ आधी, द्रुत म्हणजे जलद शेवटी. सुरुवातीला शांत, लांब स्वर, तिथे ग्रूव्ह ऐसपैस. आणि सरगम, ताना, वाढलेली लय हे सगळं नेमकं त्या अरुंद जागेत येतं. झिजकी सुई आयुष्यभर फिरली असेल तर ती पहिला घाव तिथेच घालते. म्हणून आमच्याकडे कुणी "मालक, जरा लावून दाखवा" म्हटलं की मी सुई बाहेरच्या कडेला ठेवत नाही, लेबलपासून दीड-दोन बोटं अलीकडे ठेवतो. शेवटची तीन मिनिटं स्वच्छ असली तर बाकीची बाजू बहुतेक वेळा स्वच्छच असते. उलटं मात्र खरं नाही.

या प्रतीचा मारवा शेवटपर्यंत टिकला आहे. खाँसाहेब वरच्या सप्तकात जातात तेव्हा आवाज फाटत नाही, तबल्याची चाट वेगळी ऐकू येते, मागचा तानपुरा बुजत नाही. मी संध्याकाळी सव्वासहाच्या सुमाराला लावली, दुकानाचं शटर अर्धं ओढून. मारव्यात पंचम नाही, रिषभ कोमल आणि मध्यम तीव्र, आणि षड्ज सारखा हुलकावणी देतो. ऐकणारा घरी पोचायची वाट बघत राहतो आणि गाणारा त्याला दारातच थांबवून ठेवतो. झुमरा तालाच्या इतक्या संथ लयीत ते थांबणं अंगावर येतं. खाँसाहेब शेवटी षड्जावर टेकले तेव्हा बाहेर नवी पेठेत दिवे लागले होते. चाळीस वर्षांत ही रेकॉर्ड मी किती वेळा ऐकली असेल याची मोजदाद नाही, पण त्या षड्जाशी दरवेळी घशात आवंढा येतो.

दरबारीच्या बाजूला मात्र एक लांब ओरखडा आहे. तीनेक मिनिटं टक टक येते. म्हणून किंमत कमी ठेवली आहे. माझं मत विचाराल तर ती टकटक सहन करून ही प्रत घ्यावी. ओरखडा कानाला कळतो आणि थोड्या वेळाने कान तो बाजूला सारतो. झिजलेला ग्रूव्ह तसा बाजूला सारता येत नाही, तो प्रत्येक स्वराला खरखरीत करतो. गिऱ्हाईक ओरखडा बघून नाक मुरडतं आणि चकचकीत दिसणारी पण झिजून करडी झालेली रेकॉर्ड आनंदाने घेऊन जातं, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. रेकॉर्ड ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. निरोगी रेकॉर्ड काळीभोर चमकते. झिजलेली राखेसारखी मळकट दिसते.

कव्हरवरची अक्षरंही वाचायला शिका. त्या काळच्या एचएमव्हीच्या एलपींवर क्रमांकाआधी ईएएलपी असेल तर मोनो, ईएएसडी असेल तर स्टिरिओ. मोनो म्हणजे कमी दर्जाची असं काही नाही. तुमच्या अँप्लिफायरला मोनोचं बटण असेल तर अशा रेकॉर्डला ते दाबा, खरखर बरीच कमी होते.

आता विणकराच्या घरचं खोकं. आजोबा गेले, नातवाने आणून दिलं. "घरात वाजवायला काही नाही वो, तुमच्याकडं तरी राहतील, ठेवून घ्या की," म्हणाला. उघडलं तर तेलुगू, कन्नड, मराठी, हिंदी सगळं एकत्र. सोलापूरच्या खोक्यात हे असंच असतं. पुण्यातल्या एका मित्राच्या दुकानात मी चार दिवस बसलो होतो, तिथे घरटी एक भाषा निघते. आपल्याकडे मागावर बसणारा माणूस घरात तेलुगू, गल्लीत कन्नड आणि बाजारात मराठी बोलतो, आणि रेकॉर्डही तशाच घेतो.

त्यात घंटसाला यांची भगवद्गीता निघाली. घंटसाला हे तेलुगू चित्रपटसंगीतातलं फार मोठं नाव, १९७४ साली गेले. त्यांच्या आवाजातली गीता तेलुगू घरांत काय आहे हे मराठी वाचकाला सांगायचं तर, घरात कुणी गेलं की ती लावतात. म्हणजे ही रेकॉर्ड मजेखातर वाजवली गेलेली नाही, त्या घराच्या दुःखाच्या दिवसांत वाजली आहे. मी ती हातात घेतली तेव्हा ग्रूव्हमध्ये पांढरा भुरका दिसला. आधी बुरशी वाटली. भिंग लावून बघितलं तर सूत होतं, मागावर उडणारे बारीक तंतू. चादरी, टॉवेल विणणाऱ्या घरात ते हवेतच असतात. जेवणाच्या ताटापासून देवाच्या फोटोपर्यंत सगळीकडे बसतात, रेकॉर्डवर का बसणार नाहीत?

बुरशी आणि सूत यांतला फरक कळायला हवा. बुरशीचे ठिपके, चट्टे असतात, आणि पुसल्यावरही खाली डाग राहू शकतो. सूत वर नुसतं अडकलेलं असतं. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, मऊ ब्रश, ग्रूव्हच्या दिशेने गोल फिरवायचा, लेबलला पाणी लागू द्यायचं नाही, मग डिस्टिल्ड वॉटरने धुवून भांड्यांच्या जाळीत उभी वाळवायची. एवढ्यात गीता लख्ख झाली. सुरुवातीच्या वाद्यांतच कळलं की घरच्यांनी सुई वेळेवर बदलली होती. घंटसालांचा उच्चार इतका स्वच्छ की संस्कृत श्लोक मला शब्द न् शब्द कळला, आणि पुढचं तेलुगू समजत नसूनही मी बसून राहिलो. ही मी विकायला ठेवलेली नाही. नातवाला फोन केलाय. ऐकून बघ, मग ठरव, असं म्हटलंय.

त्याच खोक्याच्या तळाला सहा ७८ च्या तबकड्या होत्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. दोन फुटलेल्या. एका तबकडीच्या लेबलवर गायिकेचं नाव 'गांधारी', पुढे हुबळी. या आपल्या गंगूबाई हानगल. १९३० च्या दशकातल्या त्यांच्या तबकड्या याच नावाने निघत. दुकानात एक जाणकार बसले होते, आयुष्यभर गंगूबाई ऐकलेले. मी नाव न सांगता लावली. त्यांना ओळखता आली नाही. चूक त्यांची नाही. ज्या भरदार, जवळपास पुरुषी आवाजाने आपण गंगूबाईंना ओळखतो तो नंतरचा, घशाच्या दुखण्यानंतर आणि उपचारानंतर उतरलेला. या तबकडीतला आवाज बारीक, उंच, कोवळ्या मुलीचा. पण नीट कान दिला तर स्वर लावायची रीत तीच आहे. स्वराच्या मधोमध जाऊन उभं राहायचं, मागेपुढे रेंगाळायचं नाही. मी नाव सांगितल्यावर ते गृहस्थ म्हणाले, "परत लाव." चार वेळा लावली.

अशा तबकडीच्या बाजूला सव्वातीन मिनिटांच्या आसपास वेळ मिळायचा. आलाप, बंदिश, ताना, सगळं त्यात. आज कुणी म्हणतं की तीन मिनिटांत राग कसा दाखवणार. मी म्हणतो या तबकड्या ऐका. वेळ नव्हता म्हणून एकही स्वर वाया घालवलेला नाही.

तुमच्या नव्या टर्नटेबलवर ७८ ची तबकडी लावायच्या आधी दोन गोष्टी बघा. वेग ७८ वर जातो का, आणि सुई बदलता येते का. एलपीची सुई टोकाला साधारण १८ ते २५ मायक्रॉन, ७८ ला ७५ मायक्रॉनच्या आसपासची लागते. एलपीची सुई त्या रुंद चरात बुडाशी जाऊन पडते, तिथला कचरा वाजवते आणि स्वतःही खराब होते. आणि या तबकड्या लाखेच्या आहेत. स्पिरिट, अल्कोहोल त्यांना अजिबात लावू नका, लाख विरघळते. माझ्या उमेदवारीच्या दिवसांत मी एक नाट्यगीताची तबकडी स्पिरिटच्या बोळ्याने पुसली होती. बोळा काळा झाला. मळ निघतोय म्हणून मी आणखी घासली. वडील आले, बोळ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "तो मळ नाही, गाणं निघतंय." ती तबकडी अजून माझ्याकडे आहे.

लाऊडस्पीकरवाल्यांच्या ट्रंकेबद्दल थोडक्यात. या मालाबद्दल माझं मन नेहमी दोन्हीकडे ओढतं. एका काळी लग्न, गणपती, जत्रा, गड्ड्याची यात्रा, सगळीकडे झाडाला, खांबाला बांधलेल्या कर्ण्यांतून या लोकांनीच गाणं पोचवलं. ज्यांच्या घरी रेडिओही नव्हता त्यांनी गाणं इथेच ऐकलं. पण त्यामुळे त्यांच्या रेकॉर्ड बैलासारख्या राबल्या आहेत. लेबलवर ऑइलपेंटने मालकाची आद्याक्षरं, कव्हर गायब, सुई जड, धूळ भरपूर. या ट्रंकेतल्या सत्तरेक रेकॉर्डपैकी विकण्यासारख्या जेमतेम आठ. त्यांत सुलोचना चव्हाण यांच्या लावण्यांची एक ईपी, म्हणजे सात इंची, ४५ च्या वेगाची. खरखर आहे, नाही म्हणत नाही. पण सुलोचनाबाईंची शब्दफेक खरखरीला भेदून येते. प्रत्येक अक्षर धारदार, मधली ढोलकी खणखणीत. ज्यांना लावणी म्हणजे फक्त ठसका वाटते त्यांनी त्यांचं श्वासावरचं नियंत्रण ऐकावं. कुठेही ओळ अर्धी तुटत नाही. ४५ चा वेग जास्त असल्याने ग्रूव्हला जागाही जास्त मिळते, म्हणून झिजूनही इतकं उरलं. दोनशे रुपयांत घेऊन जावा.

शिक्षकांच्या एलपींत संतूर, बासरी आणि गिटारची १९६७ सालची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही प्रसिद्ध रेकॉर्डही होती, शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची. खूप खपली, त्यामुळे भरपूर मिळते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने जरूर घ्यावी, फक्त घाई करू नये. चांगली प्रत आज ना उद्या येतेच.

आता कोऱ्या रेकॉर्ड. पार्सलमध्ये जुन्या गाण्यांच्या नव्याने छापलेल्या नऊ रेकॉर्ड होत्या, एकेक दोन-अडीच हजारांच्या घरातली. कव्हर देखणी, वजन १८० ग्रॅम. गिऱ्हाईक हातात घेऊन म्हणतं, वा, जड आहे. जड रेकॉर्ड सहज वाकत नाही, हाताळायला बरी, एवढंच. वजनाने आवाज सुधारत नाही. आवाज ठरतो तो मूळ ध्वनिमुद्रण कुठून घेतलं, कुणी कसं साफ केलं आणि साचा कसा कापला यावर. नऊपैकी चार मी वेष्टन फोडून ऐकल्या. दोन उत्तम, मनापासून शिफारस करतो. एकीत जुनी खरखर काढायच्या नादात तानपुऱ्याची जवारीच पुसली गेली आहे. गायकाच्या मागे तारांचं गुंजन असतं ना, ते गेलं की गाणं पोकळीत टांगल्यासारखं वाटतं. माझ्यापुरतं सांगतो, त्यापेक्षा मला खरखर परवडली.

चौथीचं मधलं भोक नेमकं मध्यावर नाही. हे डोळ्यांनीही कळतं. सुईचा दांडा दर फेरीला डावीउजवीकडे डुलतो. आणि कानाला कळतं ते लांब धरलेल्या स्वरात. सनई किंवा सारंगी एका स्वरावर थांबली की दर पावणेदोन सेकंदांनी स्वर किंचित चढतो, उतरतो. ढोलक-ताशाच्या गाण्यात हे लपून जातं. ती रेकॉर्ड परत पाठवली आहे. आधी परत घ्यायला खळखळ झाली, तेव्हा व्हिडिओ काढून पाठवला. तुम्हीही नवी रेकॉर्ड पहिल्यांदा फोडताना मोबाईल चालू ठेवा, वाद घालायची वेळ येत नाही.

आता तुमच्या तीन हजारांचं. पहिल्या महिन्यात एकही रेकॉर्ड घेऊ नका असं सांगितलं तर राग येईल, पण टर्नटेबलसोबत आलेली सुई कुठली आहे ते आधी मला आणून दाखवा. स्वस्त सूटकेसवजा प्लेअरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज (सुई जिच्यात बसते ती डबी) असतं, त्याचा रेकॉर्डवर पडणारा भार चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजच्या दुप्पट-तिप्पट, आणि सुईही लवकर झिजते. तसं असेल तर आजचे पैसे तिकडे घाला. हिऱ्याची सुई ५०० ते १००० तास चालते, रोज एक एलपी ऐकलीत तरी दोन-तीन वर्षं निघतात. भार दोन ग्रॅमच्या आसपास ठेवायचा. फार कमी ठेवलात तर सुई ग्रूव्हमध्ये उड्या मारते आणि जास्त नुकसान करते, हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं.

आणि सोलापूरचा उन्हाळा विसरू नका. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. रेकॉर्ड उभ्याच ठेवा, एकावर एक आडव्या थप्पीत कधीच नाही, आणि पश्चिमेच्या भिंतीला नको. माझ्याकडून घेतलेली रेकॉर्ड गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवून एक गृहस्थ बाजारहाट करायला गेले होते. तासाभराने ती कडेने पापडासारखी उठली होती. इस्त्री, काचा, वजनं, काही काही करून बघितलं. सरळ झाली नाही.

मारव्याची ती एलपी तुमच्यासाठी गुरुवारपर्यंत बाजूला काढून ठेवली आहे. सहाच्या सुमाराला या, सुई खिशात घालून आणा. दोन्ही बाजू पूर्ण ऐका, दरबारीतली टकटकही ऐका, मग पैशाचं बोलू.